फुगवट्याचं पाणी

किसनरावांचं घर पाण्याच्या एका काठाला होतं आणि रान दुसऱ्या काठाला. धरण व्हायच्या आधी असं नव्हतं. तेव्हा गाव खाली नदीकाठी होतं, रान टेकडीच्या पायथ्याशी होतं, आणि घरून निघालेली भाकर गरम असतानाच माणूस वावरात पोचत असे. मग पैनगंगा अडली, फुगवट्याचं पाणी चढत गेलं, गाव बुडालं. लोकांनी नव्या गावठाणात घरं बांधली. किसनरावांचं साडेतीन एकराचं रान उंचावर असल्यामुळं वाचलं, पण पलीकडं राहिलं. रस्त्यानं जायचं तर जानेफळच्या अंगानं वळसा घालून बत्तीस किलोमीटर, त्यातले शेवटचे चार पायी. पाण्यातून तीन. म्हणून त्यांनी मेहकरच्या वेल्डरकडून पत्र्याचा एक डोंगा करून घेतला होता. दोन माणसं बसतील, तिसरं बसलं तर पाणी आत यायला लागेल, एवढाच.

त्यांची मुलगी मंजुश्री सोळा वर्षांची. अकरावीला होती. गाव बुडालं तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तिला त्यातलं एकच दृश्य नीट आठवत होतं. पाणी गल्लीतून आलं होतं, नदीकडून नाही. शेजारच्या तानुबाईच्या चुलीपाशी ते गुपचूप येऊन थांबलं होतं, आणि मोठी माणसं त्याच्याकडं बघत नुसती उभी होती. तेव्हापासून तिला पाण्याची धास्ती होती. डोंग्यात बसली की ती दोन्ही हातांनी कडा धरी आणि बाबांच्या पाठीकडं बघत राही. खाली बघत नसे. बाबांनी तिला वल्हं मारायला शिकवलं होतं, पण ते काठाजवळ, कंबरभर पाण्यात. एकटीनं ती कधी गेली नव्हती.

त्या वर्षी कपाशी डोक्यावर गेली होती. बीटीचं बियाणं पहिल्यांदा आलं तेव्हा दुकानदार म्हणाले होते, आता बोंडअळीचा घोर संपला, फवारणीचे पंप मोडीत घाला. काही वर्षं ते खरंही वाटलं. मग अळी परत आली, गुलाबी होऊन आली, आणि लोकांनी माळ्यावरचे पंप खाली काढले. ऑक्टोबर लागता किसनरावांनी एक हिरवंगार बोंड दातानं फोडून पाहिलं. आत अळी. दुसरं फोडलं, त्यातही. बाजारातून त्यांनी दोन बाटल्या आणल्या. देणाऱ्यानं सांगितलं होतं, दोन्ही एकात मिसळून मारा, एकट्या औषधाला ती दाद देत नाही.

मंजुश्रीची आई कलाबाई त्या दिवसांत पुतणीच्या बाळंतपणासाठी खामगावला गेली होती. घरातला एकुलता एक मोबाईल तिच्याजवळ होता. मंगळवारी कॉलेजला सुट्टी होती म्हणून सकाळी आठला बापलेक डोंग्यात बसले. आभाळ स्वच्छ होतं. वारा अजिबात नव्हता.

मंजुश्रीचं काम पाणी आणायचं. काठावरून घागर भरून आणायची आणि बांधावरच्या पिंपात ओतायची. औषधाला बाबा तिला हात लावू देत नव्हते. "तू दूर उभी राह्य व," ते म्हणाले, "वास बी घेऊ नको." स्वतः मात्र तोंडाला पंचा गुंडाळून ते कपाशीत शिरले. कपाशी इतकी उंच होती की आत गेलेला माणूस दिसतच नव्हता. फक्त पंपाची घरघर ऐकू येई आणि झाडांच्या शेंड्यांवर पांढरं धुकट उडताना दिसे. वारा नसल्यामुळं ते धुकट तिथंच लोंबकळत राही. पंप पाठीवर गळत होता. बाबांचा सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत ओला झाला होता, पण उन्हात घामानं कोणाचाही होतो तसा तो वाटला.

आठवा पंप संपवून ते बांधावर आले तेव्हा साडेबारा झाले असतील. उभ्या उभ्या त्यांनी डोळे चोळले.

"मंजू, धुकं काऊन पडून राह्यलं?"

"धुकं कुठी आहे बाबा? ऊन आहे चांगलं."

ते खाली बसले. मग आडवे झाले. मग एका कुशीवर वळून ओकले, आणि ओकणं थांबल्यावर तोंडातून लाळ गळत राहिली, थांबेचना. मंजुश्रीनं जवळ जाऊन त्यांचं तोंड पुसलं. त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. दंडावरचं मांस आपोआप उडत होतं, कातडीखाली काही वळवळतंय असं.

तिला कळलं. मागच्याच महिन्यात कॉलेजात एक डॉक्टर येऊन फवारणीबद्दल सांगून गेले होते. तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरी हसत होत्या, तीही हसली होती. आता तिला त्यांचं एक एक वाक्य आठवू लागलं. कपडे काढा. साबणानं धुवा. कुशीवर झोपवा. आणि उशीर करू नका.

तिनं पंप सोडवला, सदरा काढला. घागरीवर घागरी आणून बापाचं अंग धुतलं. साबण नव्हता, तर जेवणाचे डबे घासायला आणलेली निरम्याची पुडी वापरली. मग त्यांना ओढत पळसाच्या सावलीत नेलं, कुशीवर केलं, डोंग्यातलं घोंगडं अंगावर घातलं. साठ किलोचा माणूस. त्याला उचलून डोंग्यात घालणं तिच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती, आणि घातला असता तरी वल्हं मारता मारता त्याला धरणार कोण?

"बाबा, मी उकंडरावकाकाच्या वाडीवर जातो. बैलगाडी घेऊन येतो."

किसनरावांनी मान हलवली की ती नुसतीच हलली, तिला समजलं नाही.

उकंडराव म्हणजे टेकडीमागच्या वाडीवरचे शेतकरी. वाडी अर्ध्या तासावर, पण मध्ये नाला. मंजुश्री धावत गेली आणि नाल्याच्या दरडीवर येऊन थबकली. वर कुठंतरी डोंगरात पाऊस झाला असावा. सकाळी घोट्याएवढा असणारा नाला लाल पाण्यानं दोन्ही दरडी घासत चालला होता. एक अख्खी बोर मुळांसकट वाहत गेली. तिनं हातांचा भोंगा करून ओरडायला सुरुवात केली. "ओ काका! ओ उकंडरावकाका! माह्या बापाले औषध लागलं हो!" पलीकडं झाडी होती, चढ होता, कोणी दिसत नव्हतं. ओरडून ओरडून घसा बसला. पाण्याच्या आवाजापुढं आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, असं तिला वाटलं, आणि ती परत धावली.

बाबा होते तसेच होते. श्वास घेताना छातीत बुडबुडे वाजत होते. तिनं कानाशी तोंड नेलं.

"मी पान्यातून जातो बाबा. डोंगा घेऊन."

आता मात्र त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडं नाही, तिच्या बाजूला कुठंतरी बघत ते म्हणाले, "एकटी नको जाऊ. पोरी. मले होऊ दे काय व्हायचं ते."

तिनं त्यांचा हात घोंगड्याखाली सारला आणि काठाकडं निघाली. डोंगा ढकलायच्या आधी तिला उलटी झाली. औषधानं की भीतीनं, हे तिला कधीच कळलं नाही.

पहिला अर्धा तास तसा बरा गेला. पाणी तेलासारखं शांत होतं. डोंगा सरळ जाईना, कधी डावीकडं फिरे कधी उजवीकडं, पण बाबा कसे दोनदा इकडून एकदा तिकडून वल्हं मारतात हे तिनं पाठीमागून रोज पाहिलं होतं. तसं केल्यावर नाक समोर राहू लागलं. समोरच्या काठावर गावठाणातल्या विहाराचा पांढरा घुमट दिसत होता. त्याच्यावर नजर ठेवायची, बस.

तेवढ्यात तिला टाकी दिसली. बुडालेल्या गावची पाण्याची टाकी, तिचा वरचा गोल तेवढा पाण्याबाहेर राहिला होता. टाकी आली म्हणजे आपण गावावर आलो. तिच्या पायांखाली पाव इंचाचाही नाही असा पत्रा होता, त्याच्याखाली चाळीस फूट पाणी, आणि त्याखाली गल्ल्या. तानुबाईचं घर. शाळेचा ओटा. आणि चावडीपाशी ती मोठी विहीर, जिच्यावर झाकण कधी घातलंच नव्हतं. बाया म्हणायच्या, विहीर अजून पाणी ओढते. मंजुश्रीला ठाऊक होतं की पाण्याखालची विहीर काही ओढत नसते. ठाऊक असूनही तिनं पाय वर घेतले आणि मांडी घालून बसली.

वारा उगवतीकडून आला. आधी पाण्यावर काटा आला, थंडीनं अंगावर येतो तसा. मग टेकडीच्या वर काळं आभाळ दिसलं, आणि ते दिसतंय तोवरच पहिली लाट डोंग्याच्या कुशीवर आदळली. पाणी आत आलं. तिनं वल्हं टाकून कापलेल्या तेलाच्या डब्यानं ते उपसायला घेतलं, तर डोंगा आडवा झाला आणि दुप्पट पाणी आत आलं. पुन्हा वल्हं. पुन्हा डबा. दोन्ही एका वेळी करायला चार हात हवे होते.

लाटेनं डोंगा टाकीवर नेऊन आपटला. टाकीला लोखंडी शिडी होती, गंजलेली. मंजुश्रीनं ती दोन्ही हातांनी पकडली आणि कपाळ तिला टेकवून धरलं. इथं थांबता येईल. शिडी चढून वर बसलं की वादळ जाईपर्यंत कोणी आपल्याला काही करत नाही. उद्या जाळेवाला सकलैनचाचा येईल, आपल्याला उतरवून नेईल. उद्या. तिच्या कानात बापाच्या छातीतले बुडबुडे वाजले.

हात सोडायला तिला किती वेळ लागला, ते तिला सांगता येत नाही. डावा आधी सुटला. उजव्याची बोटं तिला तोंडानं एक, दोन मोजत सोडवावी लागली, लहान पोराची मूठ सोडवतात तशी.

मग पाऊस आला आणि काठ गेला. घुमट गेला, टेकडी गेली, टाकीही गेली. चारी बाजूंनी पांढरं पाणी, वरून पाणी, खाली पाणी. वल्हं मारून आपण पुढं जातोय की मागं, हे कशावरून ओळखायचं? वारा आपल्याला कुठं नेतोय एवढंच तिला उमगत होतं. वारा उगवतीचा, म्हणजे आपण मावळतीकडं चाललोय. मावळतीला धरणाची भिंत. भिंतीच्या मध्यभागी दरवाजे, आणि कालच दवंडी झाली होती की धरण भरलं आहे, दरवाजे उघडणार.

तिला घोंघावणं ऐकू आलं. पावसाचं असेल. नाही, पाऊस असा एकाच बाजूनं वाजत नाही. ती श्वास रोखून ऐकू लागली. आवाज वाढतोय का? वाढतोय. नाही. वाढतोय. ती मोठ्यानं रडू लागली, "माय वं, माय वं," आणि रडतानाही वल्हं मारत राहिली, कारण थांबलं की आवाज जवळ आल्यासारखा वाटे.

अशी ती किती वेळ मारत होती कोणास ठाऊक. एकदा वल्हं खाली गेलं ते वर येईना. कोणीतरी खालून धरलं होतं. मंजुश्री किंचाळली. तिनं वल्हं ओढलं तर ते ताणलं गेलं, मग थोडं वर आलं, आणि त्याच्या टोकाला गुंतून जाळं वर आलं. नायलॉनचं जाळं, त्याच्या वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे बांधलेले. दोन हातांवर एक तुकडा, त्याच्यापुढं दुसरा, लाटांवर नाचत ते पावसात दिसेनासे होत होते.

जाळं सकलैनचाचाचं. सगळ्या धरणात जाळं त्याचंच. आणि जाळं लावताना त्याचं एक टोक काठाला बांधतात, हे तिनं पाहिलं होतं. दोरी धरून गेलं तर काठ येणारच. तिनं वल्हं आत टाकलं, दोन्ही हातांनी दोरी पकडली आणि स्वतःला डोंग्यासकट ओढायला लागली. एक हात पुढं, मग दुसरा. दोरीनं तळहात सोलले. आता वारा तिला नेऊ शकत नव्हता. रडणं कधी थांबलं तिला कळलंही नाही.

पावसातून एक झाड पुढं आलं. तिला वाटलं, काठ! पण ते झाड पाण्यातच उभं होतं. वाळलेली बाभूळ, बुडालेल्या वावरातली, शेंडे तेवढे वर. दोरी तिथं संपत होती, बुंध्याला गाठ मारलेली. आणि फांद्यांवर साप होते. एक नाही, तीन तरी असतील, पाण्यातून जीव वाचवायला चढून बसलेले, गारठून गुंडाळलेले. सगळ्यात खालच्या फांदीवरच्यानं डोकं उचललं तेव्हा ते तिच्या तोंडापासून हातभरावर होतं.

ती हलली नाही. लाट आली, डोंगा फांदीखाली शिरला, फांदी तिच्या केसांना लागली. लाट गेली, डोंगा मागं आला. त्या एका लाटेत तिनं दोरीचा हात बदलला आणि डोंगा मागं ढकलला. सापानं डोकं पुन्हा वेटोळ्यावर ठेवलं.

म्हणजे काठ दुसऱ्या टोकाला. जेवढं आलो तेवढं परत, आणि त्याच्या पुढं आणखी किती. आणि आता वारा तोंडावर. तिच्या मनात आलं, दोन्ही टोकं झाडालाच बांधली असतील तर? हा विचार तिनं पुरता होऊच दिला नाही. थर्माकोलचे तुकडे मोजायला लागली. शंभर झाले की परत एकपासून. डोंग्यात गुडघ्याखाली पाणी होतं. दोरी सोडून उपसायची तिची हिंमत होईना, म्हणून तशीच ओढत राहिली. चौथ्या शंभरात डोंग्याचा तळ खर्रकन घासला. चिखल. तिनं पाय खाली टाकला तर तो टेकला.

काठावर ताडपत्रीचं खोपट होतं. दारात सकलैनची बायको राबिया फाटक्या जाळ्याचा ढीग झाकत होती. पाण्यातून चिखलानं माखलेली पोर चार पायांवर वर येताना बघून ती आधी दोन पावलं मागं सरली, मग धावली.

"या अल्ला! किसनभाऊची पोरगी ना तू? एकटी कशी? बाबा कुठी आहे?"

"बाबाले औषध लागलं," मंजुश्री म्हणाली, आणि तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

सकलैन आत चहा घेत होता. पन्नाशीचा माणूस, पाण्यावर जन्म गेलेला. त्यानं एक प्रश्न विचारला, "किती वेळ झाला?" आणि उत्तराची वाट न बघता मोटारबोटीची दोरी सोडायला गेला. पाऊस सरत आला होता. राबियानं तिला कोरडी ओढणी गुंडाळली आणि म्हणाली, "तू बस इथंच बेटा, चाचा जाऊन येते." मंजुश्री बोटीत जाऊन बसलीसुद्धा होती.

जे पाणी ओलांडायला तिला तीन तास लागले ते मोटारीनं वीस मिनिटांत मागं टाकलं. बोट काठाला लागायच्या आधीच तिनं उडी मारली. पळसाखाली कोणी नव्हतं.

पंप होता. पिंप आडवं पडलं होतं. सदरा चिखलात पडला होता. बाबा नव्हते, घोंगडं नव्हतं. पावसानं सगळे माग धुऊन नेले होते. "बाबा!" तिनं हाक मारली. कपाशीत शिरून एका ओळीतून दुसऱ्या ओळीत धावली, ओली बोंडं तोंडावर आपटत होती. डोळ्यांना दिसत नव्हतं त्यांना. तहान लागली असेल. उठले असतील. पाणी कुठं आहे हे त्यांना न दिसताही ठाऊक होतं.

ती बाहेर आली तेव्हा सकलैन काठाकाठानं चालत होता. हातात लांब बांबू होता. दोन पावलं टाकी, बांबू पाण्यात खोल खुपसून हळूहळू फिरवी, बाहेर काढी, पुन्हा दोन पावलं. तो काय शोधतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि ती खालीच बसली. दिवसभरात कधी भ्याली नव्हती तेवढी ती आता भ्याली. सापाची, विहिरीची, दरवाजांची भीती आपल्या जिवाची होती. ही तशी नव्हती. बांबू प्रत्येक वेळी पाण्यात गेला की तिचं सगळं अंग गोठे, आणि नुसता वर आला की सुटे.

काठ संपला. सकलैननं बांबू बोटीत टाकला.

"इथं रेंज नाही," तो म्हणाला, "चाल, पान्याच्या मंधात जाऊन फोन लावतो. माणसं जमवतो."

बोट टाकीच्या पुढं आली आणि त्याचा मोबाईल आपणहून वाजला. मोटार बंद करून त्यानं कानाला लावला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मंजुश्रीलाही ऐकू आला. तिची आई होती, खामगावहून.

"सकलैनभाऊ, तुमच्या पाया पडतो जी, बोट काढा! उकंडरावनं ह्यायले मेहकरच्या दवाखान्यात नेलं, पण माह्यी पोरगी कुठी नाही. हे सुदीवर आले तं एकच बोलून राह्यले, पोरगी पान्यात गेली, पोरगी पान्यात गेली. तिले पाहा ना हो भाऊ..."

सकलैननं मोबाईल मंजुश्रीच्या हातात दिला.

"माय," ती म्हणाली.

पलीकडं कलाबाई रडायला लागली. दोघी बराच वेळ नुसत्या रडल्या. सकलैन पाठ फिरवून मोटारीला काही झालंय का ते बघत बसला.

झालं होतं असं. उकंडरावांची बायको सत्यभामाबाई टेकडीच्या उतारावर शेळ्या चारत होती. नाल्याच्या आवाजात तिला पोरीच्या ओरडण्यातला एकच शब्द ऐकू आला, औषध. तेवढा पुरला. ती नवऱ्याला बोलवायला गेली, आणि तो गाडी जुंपून दरडीवर आला तोवर नाल्याचं पाणी उतरायला लागलं होतं. असे नाले चढतात तसे उतरतात. तासाभरात बैल पोटाएवढ्या पाण्यातून पार झाले. म्हणजे मंजुश्री टाकीच्या शिडीला धरून होती त्या सुमाराला तिचा बाप गाडीत होता.

किसनराव अकरा दिवस दवाखान्यात राहिले, त्यातले चार बुलडाण्याला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अंग कोणी धुतलं, कपडे कोणी काढले? मंजुश्रीनं हात वर केला, वर्गात करतात तसा. "त्यामुळंच वाचला माणूस," बाई म्हणाल्या. गावात मात्र बोलणं झालं ते डोंग्याचंच. एकटी पोर, वादळात, धरण पार! कोणी फोटो काढायला आलं. मंजुश्री घरात जाऊन बसली. तिचं ती उलटंसुलटं मोजत होती. तासभर थांबलो असतो तर पाण्यात जावंच लागलं नसतं. आणि नाला उतरलाच नसता तर? दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीतलं कुठलंही तिला झोप लागू देत नव्हतं. पलंग हलतोय असं वाटून ती दिवसासुद्धा दचकून उठे.

एकदा तिनं बाबांना सांगितलं, "माह्या जाण्यानं काहीच नाही झालं बाबा. मी फुकट गेली."

किसनरावांचे हात अजून थरथरत होते. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायलं, मग म्हणाले, "मी पळसाखाली पडलो होतो तं मले वाटे, माह्यासाठी कोनी तरी निघालं आहे. त्या वाटण्यावरच मी श्वास घेत होतो. आता हे फुकट का काय, तुह्यं तू ठरव."

नोव्हेंबरात कापूस फुटला. अर्धी बोंडं अळीनं खाल्ली होती, पण जी फुटली ती वेचायलाच हवी होती. किसनरावांना वल्हं धरवत नव्हतं. कलाबाई म्हणाली, आपण रस्त्यानं जाऊ, पहाटेच्या एसटीनं, मग पायी. दोन दिवस मायलेकी तशा गेल्या. पोचेपर्यंत दहा वाजत, आणि निघायची वेळ होई तेव्हा निम्मं रान वेचायचंच राही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुश्री काठावर गेली. सकलैननं डोंगा आणून काठावरच्या बाभळीला बांधून ठेवला होता, आतलं पाणीही काढलं होतं. ती डोंग्याकडं बघत उभी राहिली. भीती गेली असेल असं तिला वाटलं होतं. एकदा पार झालो की ती जाते, असं सगळे म्हणत होते. ती गेली नव्हती. उलट आता तिला पाण्यात काय काय असतं ते ठाऊक झालं होतं.

"राहू दे व," मागून कलाबाई म्हणाली, "जाऊ एसटीनं."

"बस तू," मंजुश्री म्हणाली.

कलाबाई पदर खोचून डोंग्यात बसली, लेकीकडं तोंड करून. तिनं दोन्ही हातांनी कडा धरल्या आणि डोळे गच्च मिटून घेतले. मंजुश्रीनं काठाला वल्हं टेकवून डोंगा ढकलला. चिखल सुटला, पाणी लागलं. दोनदा इकडून, एकदा तिकडून. वारा नव्हता. टाकी दिसायला लागली तेव्हा तिचा हात थांबला, आणि डोंगा आपोआप थोडा फिरला.

"माय," ती म्हणाली, "डोळे उघड ना व. मले एकटं वाटून राह्यलं."

कलाबाईनं डोळे उघडले.